कुस्ती मैदानाचा साऊंड: यंदाची दुसरी चाचणी

मागच्या यात्रेला आम्ही स्पीकरचे सगळे बॉक्स एकाच बाजूला रचले होते. पुढच्यांचे कान किटले आणि पलीकडच्या बांधावर कुठली जोड लागली तेच कळेना. निवेदक माईक घेऊन बॉक्सच्या तोंडापुढे आला की स्पीकरमधून कर्कश शिट्टी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात निवेदन मराठीत आणि कन्नडमध्येही होतं. दोन्हींत पैलवानाचं नाव-गाव स्वच्छ ऐकू जायला हवं, बाकी सगळं नंतर.

यंदा मांडणी उलटी केली. आखाड्याच्या चार कोपऱ्यांना चार खांब, प्रत्येकावर ९० अंशांत आवाज पसरवणारा एक टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर बॉक्स, तोंड बाहेर लोकांकडे. चौघांचं मिळून वर्तुळ पुरं होतं आणि निवेदक कायम बॉक्सच्या पाठीमागे राहतो. शिट्टी थांबली. माईकही त्याला वीतभर अंतरावरून तीन बोटांवर आणायला लावला. २० सेंटिमीटरचे ५ झाले की गेनला, म्हणजे माईकचा आवाज वाढवणाऱ्या बटणाला, हात न लावता सुमारे १२ डेसिबल मिळतात. शेजारी हलगी कडाडत असताना ते फार मोलाचे.

अवघड गेल्या त्या उताराकडच्या मागच्या रांगा. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १ मीटरवरून ३२ मीटरवर जाईपर्यंत ३०. पुढचा आवाज चढवण्याऐवजी टॉपपासून ३५ मीटरवर दोन छोटे बॉक्स उभे केले. डिले, म्हणजे त्यांचा आवाज किती उशिरा सोडायचा ती वेळ, शून्य ठेवला तेव्हा प्रत्येक नाव दोनदा ऐकू आलं. २५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरला १०१ मिलिसेकंद. त्यात १५ मुद्दाम जास्त घातले, कारण आधी कानावर पडतो त्या दिशेनेच आवाज आला असं आपल्याला वाटतं. ११६ वर छोटे बॉक्स चालूच नाहीत असं वाटलं, निवेदक थेट आखाड्यातून बोलत होता. मग ते बंद करून पाहिले आणि शब्द विरून गेले. अंगावर काटा आला!

दुपारी ३४ अंश आणि संध्याकाळी २२, तरी एवढ्या अंतराला फरक जेमतेम २ मिलिसेकंदांचा, म्हणून डिले तसाच ठेवणार. पण सूर्य मावळल्यावर जमीन निवते, आवाज खाली वाकून लांबवर पोचतो. तेव्हा लेव्हल उतरवायची, म्हाताऱ्या माणसांची घरं जवळ आहेत.

दोन टॉपच्या सांध्यावर उभं राहिलं की आवाज अजून पोकळ येतो. रविवारी खांब थोडे फिरवून बघतो.