जिंकून आणलेली तोफ मुळात कुठली?

किल्ल्यावर 'पोर्तुगीज तोफ' अशी पाटी दिसली, की तिचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: ही पोर्तुगीजांकडून मिळाली. ओतली कुठे, ते पाटी सांगत नाही. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मुलूखमैदान घ्या. १५४९ साली निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हुसेन रूमीने ती अहमदनगरला ओतली. पुढे परांड्याहून ती आदिलशाहीत विजापूरला आली, आणि १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाचा लेखही तिच्यावर चढला. फक्त तोच लेख वाचणारा तिला मोगलांची म्हणेल.

म्हणून आधी उठावाची अक्षरं वाचावीत, कोरलेली नंतर. उठाव साच्यातूनच येतो. छिन्नीचं काम पुढच्या कुठल्याही मालकाचं असू शकतं. अपवाद वजनाचा, कारण तोफ ओतून झाल्यावरच तोलतात.

पण उठावाची खूणसुद्धा कधी कधी गिऱ्हाइकाची असते. बिडाच्या नळीवर व्हीओसीची, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीची, एकात एक गुंफलेली अक्षरं आणि ट्रनियनच्या, म्हणजे गाड्यावर टेकणाऱ्या बाजूच्या खुंटाच्या, टोकावर 'एफ' असेल, तर ओतकाम स्वीडनमधल्या फिन्स्पाँगचं आणि मालकी डच कंपनीची. ट्रनियनची टोकं सगळ्यात बोलकी. नेमकी तीच चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये पुरलेली पाहिली की जीव हळहळतो.

वजनाच्या आकड्यांवर मात्र सावकाश थांबावं. समजा, मागच्या भागावर २३-२-१४ असं कोरलंय. इंग्रजी पद्धतीत पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा २८ पौंडांच्या क्वार्टरचा, तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब २,६४६ पौंड, म्हणजे साधारण १,२०० किलो. पोर्तुगीज पद्धतही तीन आकड्यांचीच: किंताल, अरोबा, आर्राटेल. चार अरोबांचा किंताल, ३२ आर्राटेलांचा अरोबा आणि आर्राटेल सुमारे ४५९ ग्रॅमचा. तेच आकडे मग १,३८७ किलोंच्या आसपास जातात. शेवटचा आकडा २८ ते ३१ मधला असेल तर इंग्रजी वजन बादच. तो २७ किंवा कमी असेल तर चार-पाच ठिकाणी घेर मोजून घनफळ काढा, आतली पोकळी वजा करा आणि बिडासाठी घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम धरा. दोनपैकी कुठलं वजन जुळतं ते कळतं.

नळीचा व्यास तोंडाशी मोजू नये, तिथे गंजून कडा झिजलेली असते. वीतभर आत, आडवा आणि उभा असा दोनदा मोजा. एवढं करूनही एकट्या व्यासावर निकाल देऊ नका. इंग्रजी नऊ पौंडीचा, म्हणजे नऊ पौंडांचा गोळा डागणाऱ्या तोफेचा, व्यास १०६.७ मिलिमीटर, फ्रेंच आठ पौंडीचा १०६ च्या जवळ. गंजाच्या एका पापुद्र्यात हा फरक बुडतो.

खुणा दिसत नाहीत म्हणून तारेचा ब्रश, ॲसिड किंवा सँडब्लास्टिंग वापरलं की उथळ कोरीव आकडे कायमचे जातात. अंधार पडल्यावर टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. १, ४ आणि ७ यांत गल्लत होते, तेव्हा प्रकाशाची दिशा बदलून तीन-चार फोटो घ्या. जागा संरक्षित असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

आणि नळीत काठी घालून खोली बघा. ती बत्तीच्या छिद्राच्या बरीच अलीकडे अडली, तर आत माती असेल किंवा गोळा आणि दारूही असेल. अशा वेळी ठोकाठोकी, ड्रिल, वेल्डिंग काहीही न करता पोलिसांमार्फत बॉम्बशोधक पथकाला बोलवा.