घाटमाथ्यावर उघडलेले बॉनेट

घाटाची शेवटची तीन वळणे उरली असताना मी ऍक्सिलरेटर दाबला आणि गाडीने अनपेक्षित मुसंडी मारली. नेहमी ०.८ बारवर थांबणारा बूस्टचा, म्हणजे टर्बोचार्जरने कोंबलेल्या हवेच्या जादा दाबाचा, काटा १.२ च्या पलीकडे गेला आणि दुसऱ्याच क्षणी इंजिनाचा जोर ओसरून डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन जपण्यासाठी ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीत, गेली होती. रखडत माथा गाठला, गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडले. हात घालण्याजोगे इंजिन निवेपर्यंत अर्धा तास गेला. समोरची दरी पाहण्यात माझे मन नव्हते.

दोष सापडला तो वीतभर लांबीच्या एका रबरी नळीत. टर्बोत एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरते आणि तिला जोडलेला कॉम्प्रेसर इंजिनात हवा कोंबतो. कॉम्प्रेसरकडचा दाब वेस्टगेटच्या, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, ऍक्च्युएटरपर्यंत (ती झडप उघडणाऱ्या भागापर्यंत) पोहोचवणे एवढेच या नळीचे काम असते. पण तो दाब पोहोचला नाही, तर वेस्टगेट उघडत नाही, एक्झॉस्टचा सगळा वायू टर्बाइनमधूनच जातो आणि बूस्ट वाढतच राहतो, म्हणून ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाने, इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली होती. निपलवर (नळी चढवायच्या आखूड तोटीवर) बसणारे तिचे टोक चिमटीत दाबले, तर ते लाकडासारखे कडक लागले आणि जरा वाकवताच बारीक भेगांचे जाळे उघडे पडले. मधला भाग मात्र अजून लवचिक होता. सुदैवाने नळीला थोडी ढील होती, त्यामुळे दोन सेंटीमीटरचा वाळलेला तुकडा कापून तिचे चांगले टोक पुन्हा निपलवर चढवता आले. पुढचा बेत रद्द करून, पाय हलका ठेवून आम्ही परत फिरलो.

घाटातच हे का घडावे, याचा विचार उतरताना सतत चालू होता. चढणीवर इंजिनावर भार जास्त आणि गाडीचा वेग कमी, त्यामुळे बॉनेटखाली वाऱ्याचा झोत पुरेसा पोहोचत नाही. त्यात २००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे तेवढीच हवा सिलिंडरमध्ये कोंबायला कॉम्प्रेसरला अधिक राबावे लागते आणि हवा अधिक तापते. इंजिन बंद केल्यावर तर वारा आणि शीतकाचे वाहणे दोन्ही थांबते, आणि तापलेल्या टर्बाइनची धग शेजारच्या नळ्यांना काही काळ भाजत राहते.

घरी आल्यावर नवी नळी निवडायला मी मुद्दाम वेळ घेतला. साधारणपणे ईपीडीएम हे कृत्रिम रबर सुमारे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, चांगले सिलिकॉन १८० च्या आसपास आणि पीटीएफई (टेफ्लॉन) २६० पर्यंत. पण केवळ आकडा मोठा म्हणून पीटीएफई घेणे मला पटले नाही, कारण ते ताठ असते, अरुंद वळणावर मुडपते आणि साध्या निपलवर नीट बसत नाही. सिलिकॉनचा दोष वेगळा आहे: तेल आणि पेट्रोल त्याला सोसत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. म्हणूनच टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या जाड होजमध्ये, जिथे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) तेलकट वाफ पोहोचते, आतून तेल सोसणाऱ्या फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला होज घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. वेस्टगेटच्या नळीत हवा जवळपास स्थिर असते, तिथे धाग्याचे मजबुतीकरण असलेले साधे सिलिकॉन पुरेसे ठरते. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. दोन निळ्या नळ्यांपैकी एक अंगठ्याभोवती गुंडाळताच चपटी झाली, दुसरीचे भोक गोलच राहिले. दुसरी घेतली. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या (ऍक्सिलरेटर सोडताच जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) नळीत आयडलिंगला, म्हणजे ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, निर्वात असतो, तिथे पातळ भिंतीची नळी आतून चिकटून बसते, हेही तेव्हाच ध्यानात घेतले.

बसवताना नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापली, कारण सिलिकॉनला एक बारीक चीर पडली की ती पुढे फाटत जाते. खाचा असलेले स्क्रू-क्लॅम्प मऊ सिलिकॉनमध्ये रुततात, म्हणून स्प्रिंग क्लॅम्प वापरले. मार्गही बदलला: जुनी नळी टर्बाइनच्या आवरणाला जवळजवळ चिकटून जात होती, नवी मी हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) मागून नेली आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली ग्लासफायबरची स्लीव्ह चढवली. दोन्ही टोकांना मात्र दोन बोटे उघडी ठेवली, कारण स्लीव्हखाली झाकलेली भेग दिसत नाही.

महिन्याभराने तोच घाट पुन्हा चढलो. त्याच वळणावर काटा ०.८ वर येऊन थांबला. माथ्यावर दोन मिनिटे आयडलिंगवर ठेवून इंजिन बंद केले, निवू दिले आणि नळीचे उघडे टोक चिमटीत दाबून पाहिले. ते मऊ होते. बॉनेट लावले आणि मागच्या वेळी जिथून फिरलो होतो, त्या घाटाच्या पलीकडच्या उतरणीला लागलो.