खाऊन बघ, मॉगॉ ब्वा, इदेज उज

कोरियन शिकायला लागून मला आता चार वर्षं होतील, मंगोलियन सुरू करून सात-आठ महिने. या दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, अल्ताई कुळातल्या, असं मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की त्यावर शंका घ्यावी असं कधी मनातही आलं नाही. आता येतं, आणि ते आलं मराठीमुळे.

झालं असं की मंगोलियनच्या तिसऱ्या-चौथ्या धड्यात 'इदेज उज' आलं. इदेज म्हणजे खाऊन, उज म्हणजे बघ. कोरियनमध्ये हेच 'मॉगॉ ब्वा', मॉगॉ म्हणजे खाऊन आणि ब्वा म्हणजे बघ. म्हणजे तिन्ही भाषांत चव घ्यायची असली तरी डोळ्यांचंच क्रियापद! मग मी शोधतच बसले. करून दे हे कोरियनमध्ये 'हे ज्वॉ', मंगोलियनमध्ये 'हीज ओग', दोन्हीत शब्दशः करून दे. घरातून निघताना आपण जाऊन येतो म्हणतो, कोरियन माणूस 'गात्ता ओल्के' म्हणतो आणि मंगोलियन 'यावाद इर्ये', दोन्हीत जाणं आधी आणि येणं मागून. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'खाऊन टाकलं'. कोरियनमध्ये तिथे 'बॉरिदा' लागतं, ज्याचा मूळ अर्थच टाकून देणं. मंगोलियनमध्ये 'इद्चिख्सन', त्यातला मधला 'चिख' हा 'ओर्खिख' म्हणजे सोडून देणं या क्रियापदाचा घासून घासून उरलेला तुकडा आहे. तिघांनाही संपवण्यासाठी टाकणं नाहीतर सोडणंच सुचावं, हे वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

पण मग लगेच दुसरा प्रश्न आला. एवढ्या सारखेपणावरून कोरियन आणि मंगोलियन बहिणी ठरत असतील तर मराठीलाही त्यांच्यात बसवायला हवं ना? आणि मराठी तर इंडो-युरोपियन, म्हणजे संस्कृत, लॅटिन यांच्या कुळातली, तिचं कुळ पक्कं ठाऊक आहे. क्रियापद शेवटी येणं, शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागणं, 'ऊन'सारखे प्रत्यय जोडून वाक्य लांबवत नेणं, हे सगळं एकमेकांशी नातं नसलेल्या भाषांतही सापडतं. वाक्याची ठेवण शेजाऱ्याकडून उचलता येते, आपोआपही तशी घडू शकते. नातं बघायचं तर रोजच्या जुन्या शब्दांत बघावं लागतं.

आणि तिथे गेलं की हाती फार थोडं लागतं. एक ते पाच कोरियनमध्ये हाना, दुल, सेत, नेत, दासॉत आणि मंगोलियनमध्ये नेग, होयोर, गुराव, दोरोव, ताव. कुठेच काही जुळत नाही. मराठी दोन आणि लॅटिन दुओ हजारो मैलांवरूनही ओळख देतात, इथे तेवढीही नाही. पाणी एकीकडे मुल तर दुसरीकडे उस, घर एकीकडे जिप तर दुसरीकडे गेर. डोळा मात्र नुन आणि नुद! हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी फार खूश झाले होते, पण कोरियनमध्ये 'खूप'ला मानी म्हणतात आणि इंग्रजीत मेनी, त्यावरून कुणी इंग्रजीला कोरियनची मावशी म्हणत नाही. एकटादुकटा शब्द योगायोगाने जुळतोच.

हे नातं मांडणाऱ्यांत मोठं नाव गुस्ताफ रामस्टेट यांचं. फिनलंडचे, तरुणपणी मंगोलियात राहून भाषा शिकलेले, पुढे १९२० च्या दशकात फिनलंडचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून टोकियोत होते आणि तिथे त्यांनी कोरियन शिकून १९३९ मध्ये तिचं व्याकरण छापलं. मला या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे, कारण त्या काळात दोन्ही भाषा इतक्या आतून माहीत असलेला दुसरा माणूस शोधून सापडला नसता. पण आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ अल्ताई कुळ सिद्ध झालंय असं मानत नाहीत आणि मीही आता त्याच बाजूची आहे.

स्वरांचा मेळ, म्हणजे प्रत्ययातला स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवून घेणं, हा मात्र नात्याच्या बाजूचा खरंच विचार करायला लावणारा मुद्दा आहे. मंगोलियनमध्ये 'पासून'चा प्रत्यय शब्दाच्या स्वराप्रमाणे रंग बदलतो, वडिलांपासून 'आवास', घरापासून 'गेरेस', घोड्यापासून 'मोरिनोस', आणि यातून एकही शब्द सुटत नाही म्हटलं तरी चालेल. कोरियनमध्ये पंधराव्या शतकात हा मेळ बराच भक्कम होता, आता क्रियापदांच्या काही शेवटांत उरलाय, आणि आवाज किंवा दृश्य डोळ्यांसमोर उभं करणाऱ्या शब्दांत, जिथे 'बान्च्चाक' म्हणजे छोटीशी चमक आणि 'बॉन्च्चॉक' म्हणजे मोठा लखलखाट. मला या शब्दांचा फार लळा आहे.

बोलायला लागलं की दोन्ही भाषा अगदी वेगळ्या. कोरियन शब्द मोकळे, गोल, पण आदराचं ओझं भरपूर, समोर कोण आहे त्यावर प्रत्येक वाक्याचं शेपूट ठरतं. मंगोलियनमध्ये ची आणि ता, आपल्या तू आणि तुम्हीसारखं, तेवढं सांभाळलं की बरंचसं भागतं, पण उच्चारताना मधले स्वर गिळून टाकतात त्यामुळे ऐकून शब्द ओळखणं फार कठीण जातं.

आता नातं नाही म्हणजे ओळख नाही असं मुळीच नाही. १२३१ पासून मंगोल फौजा कोरियात, म्हणजे तेव्हाच्या गोर्यो राज्यात, पुन्हा पुन्हा शिरल्या, १२५९ मध्ये राज्य शरण गेलं आणि पुढे गोर्योच्या राजांची लग्नं युआन, म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्याच्या, राजकन्यांशी होऊ लागली. त्या काळाचे शब्द आजही कोरियनमध्ये आहेत. राजाच्या जेवणाला 'सुरा' म्हणायचे, तो शब्द मंगोलियन 'शोल' म्हणजे रस्सा यावरून आलाय असं मानतात. शिकारी ससाण्याचं नाव 'सॉन्गोल्मे', त्यातला सॉन्गोल म्हणजे मंगोलियन 'शोन्खोर'. 'बोरामे' या दुसऱ्या शिकारी पक्ष्याच्या नावातला बोरा म्हणजे मंगोलियन 'बोर', करडा रंग. स्वयंपाकघर आणि शिकार, म्हणजे बरोबर तिथलेच शब्द जिथे राजवाड्यात दोन्हीकडची माणसं रोज एकमेकांसमोर यायची!

१२७३ मध्ये कोरियाच्या दक्षिणेकडच्या जेजू बेटावरचं शेवटचं बंड मोडल्यावर मंगोलांनी तिथे घोड्यांची कुरणं वसवली आणि घोड्यांच्या रंगांचे शब्दही बरोबर आणले. काळ्या घोड्याला 'गारामाल', त्यातलं गारा म्हणजे मंगोलियन 'खार', काळा. तांबूस घोड्याला 'जॉल्तामाल', ते 'झेर्द'वरून. सध्या मी हे रंगांचे शब्द एकेक करून वहीत लिहून काढतेय, डावीकडे जेजूचा, उजवीकडे मंगोलियन, आणि पान अजून अर्धंच भरलंय.