फिटरच्या धापेचं कारण सापडेपर्यंत

जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. मग कोरडा खोकला सुरू झाला तो थांबेचना. पहिल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहून दम्याचा पंप दिला. तीन महिने घेतला, काडीचाही फरक नाही.

दुसऱ्या डॉक्टर छातीविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी पाठीवर, अगदी खालच्या बरगड्यांशी, बराच वेळ स्टेथोस्कोप ठेवला. कानाशी केस चोळल्यासारखा आवाज येतोय म्हणाल्या. "काम काय करत होतात?" मी म्हटलं, फिटर. "तेवढं पुरे नाही. पहिल्या नोकरीपासून हातांनी काय काय केलंत, सगळं लिहून आणा."

ते लिहायला मला दोन आठवडे लागले. बरोबरच्या एका जुन्या फिटरला फोन केला. "ती पांढरी दोरी विसरलास का रे?" तो म्हणाला. पंपाच्या, व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या खाचेत, गळती थांबवायला भरायची पॅकिंगची दोरी, ॲस्बेस्टॉस या धागेदार खनिजाची! मग ॲस्बेस्टॉसचं एकेक काम आठवत गेलं. पाइपांच्या जोडावर, म्हणजे फ्लँजवर, भाजून चिकटलेलं गास्केट (गळती रोखणारी चकती) स्क्रेपरने खरवडायचं, उरलेलं वायर ब्रशने, आणि घाई असली की सरळ ग्राइंडर. प्रेसच्या क्लच-ब्रेकचे लायनर बदलताना आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची. वाफेच्या पाइपांचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टण, फोडायचं आणि शिफ्ट संपताना कोरडाच झाडू मारायचा. नाकाला रुमाल बांधला की झालं, असं आम्हाला वाटायचं. ॲस्बेस्टॉसचे ते धागे डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक, रुमाल त्यांना काय अडवणार? हे काम पाणी मारून, ग्राइंडरशिवाय, योग्य मास्क लावून करायचं असतं, हे मला आजारी पडल्यावर कळलं. याचा राग अजून जात नाही.

माझे कागद वाचून डॉक्टरांनी एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा जास्त बारकाईचा सीटी स्कॅन, काढायला सांगितलं. एक्स-रेत न दिसलेले व्रण दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी होते, शिवाय आवरणावर चुन्यासारखे कडक चट्टे. श्वासाच्या चाचणीत फुफ्फुसांत मावणारी हवाही कमी भरली. निदान झालं: ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांनी फुफ्फुसांत पडलेले व्रण. शेवटचं गास्केट खरवडून 24 वर्षं झाली होती. पण हा आजार असाच, दशकांनी वर येतो.

व्रण भरून येत नाहीत. सिगारेट त्याच दिवशी सोडली, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैकपटींनी वाढतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्या, श्वासाचे व्यायाम करतो, ठरल्या वेळी तपासणीला जातो. भरपाईच्या अर्जालाही तेच हाताने लिहिलेले कागद जोडले. कारखान्याने दिलेल्या दाखल्यावर 'फिटर' यापलीकडे एक शब्द नव्हता.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?" बायको शेजारीच बसली होती. "मीच," ती म्हणाली, "आधी झटकून घ्यायचे, मग भिजवायचे." डॉक्टरांनी नवा केसपेपर ओढला आणि तिचं नाव विचारलं.