ते नाही का, ते…

आमच्या घरात नटांना नावं नसतात. म्हणजे हिरो-हिरॉइनला असतात, पण बाकीच्यांचं काम खुणांवर भागतं. ‘ते नाही का, ते, नेहमी वकील होतात ते.’ ‘कुठले? चष्मेवाले?’ ‘चष्मेवाले नाही रे, ते दुसरे. हिच्या सासऱ्याचं काम केलेले.’ एवढ्यावर समोरच्याला बरोबर तोच चेहरा दिसतो आणि गप्पा पुढे सरकतात. त्या माणसाचं नाव काय, हा प्रश्न वीस-वीस वर्षं कुणालाही पडत नाही. लग्नाकार्यात भेटणारे काही लांबचे काका असतात, त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं आणि आता विचारायचीही सोय उरलेली नसते, तसंच काहीसं.

नाव कळतं ते थेट बातमीत. सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येतो, खाली दोन दिव्यांच्या मधोमध ‘ज्येष्ठ अभिनेते’ आणि मग पूर्ण नाव. ‘अरे, हे गेले?’ आणि लगेच दुसरं वाक्य, ‘यांचं नाव हे होतं होय!’ कधीकधी घाईत फोटो भलत्याच नटाचा चिकटवलेला असतो. मग तासभर श्रद्धांजली बाजूलाच राहते आणि हे ते नव्हेत, यावर चर्चा रंगते.

२०२५चा ऑगस्ट महिना या बाबतीत फारच वाईट गेला. १६ तारखेला ज्योती चांदेकर गेल्या, १८ला अच्युत पोतदार. २७ला गणपती बसले, दुसऱ्या दिवशी बाळ कर्वे गेले आणि ३१ला, गौरी यायच्या दिवशी, प्रिया मराठे. माझी मावशी सणासुदीची आमच्याकडे आली होती. फुलोऱ्याच्या करंज्या भरता भरता तिला प्रिया मराठेंची बातमी कळली. ‘अगं, ती तर एवढीशी होती,’ म्हणून तिने हातातलं सारण तसंच परातीत ठेवलं.

पोतदारांचं सगळ्यांत आधी सांगायला हवं, कारण त्यांच्या बाबतीत आपण सगळ्यांनीच कमाल केली. सव्वाशेच्या वर चित्रपट केलेला हा माणूस, आणि आख्ख्या देशाने त्यांना लक्षात ठेवलं ते एका वाक्यासाठी. ‘थ्री इडियट्स’मधला वर्ग आठवा. मशीन म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगितलं म्हणून प्राध्यापक आमिर खानला वर्गाबाहेर काढतात. तो दारातून परत येतो. काय राहिलं, असं विचारल्यावर एका दमात अशी काही लांबलचक व्याख्या फेकतो की प्राध्यापकांना काही उमगत नाही. कपाळाला आठ्या, आवाजात वैताग आणि खरोखरचा गोंधळ: ‘अरे, कहना क्या चाहते हो?’ पुस्तकं विसरलो, एवढंच त्याला सांगायचं असतं. हे वाक्य आता बँकेच्या पत्रापासून पुढाऱ्याच्या भाषणापर्यंत कशाच्याही खाली डकवलेलं असतं. ज्यांनी तो सिनेमा पाहिलेला नाही, त्यांच्याही फोनमध्ये पोतदार आहेत.

आता गंमत अशी, की हा माणूस खराच प्राध्यापक होता. जबलपूरचा जन्म, मध्य प्रदेशात रीव्याला शिकवण्याची नोकरी, मग सैन्यात, तिथून कॅप्टन होऊन बाहेर आणि पुढे पंचवीसेक वर्षं इंडियन ऑइलमध्ये. ‘आक्रोश’ १९८०चा, म्हणजे सिनेमात आले तेव्हा वय पंचेचाळिशीच्या पुढे. ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’, ‘रंगीला’, ‘वास्तव’ या सगळ्यांत ते आहेत. आपण ते सिनेमे तीन-तीनदा पाहिलेत आणि तरीही ‘कुठे होते बरं?’ असंच विचारतो. मला हे त्यांचं अपयश वाटत नाही. हेडमास्तर, बाप, मंत्री म्हणून ते पडद्यावर येत आणि तो माणूस तिथे आधीपासूनच राहत असावा असं वाटे. आपण घरात शिरल्यावर कपाटाकडे कुठे बघतो? पुढे ‘माझा होशील ना’ मालिकेत ते अप्पा झाले, तेव्हा घरोघरच्या मंडळींनी त्यांना एकदाचं नीट पाहिलं. तोवर त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. गेले ते नव्वदीत, ठाण्यात.

बाळ कर्व्यांची तऱ्हा बरोबर उलटी. त्यांना सगळे ओळखत, पण गुंड्याभाऊ म्हणून. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर आले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. दिलीप प्रभावळकर किडकिडीत, घाबरट, सारखे धांदरटपणा करणारे, आणि शेजारी हा धिप्पाड मावसभाऊ. मावशी तेव्हा दादरला चाळीत राहायची. मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात. ‘चिमणराव’ असला की तिथे चपला दारापासून जिन्यापर्यंत जायच्या, आणि कार्यक्रम संपल्यावर आपली चप्पल शोधणे हा दुसरा कार्यक्रम. कर्व्यांनी नंतर कितीतरी नाटकं केली, सिनेमे केले, पण बातमीचा मथळा शेवटी एकच: गुंड्याभाऊ गेले. वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या नावाने.

बरं, ते काम आज कुणाला सलग दाखवायचं म्हटलं तरी पंचाईत. त्या काळी टेप महाग होत्या. दूरदर्शनच्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून त्यांवरच पुढचं चित्रण केलं गेलं. नाटकाचा तर प्रश्नच नाही. प्रयोग संपला, पडदा पडला, सेट टेम्पोत चढला की झालं. कर्व्यांसारख्या नटाचं निम्म्याहून जास्त काम अशा ठिकाणी झालं, जिथे ते टिकण्याची काही सोयच नव्हती. ज्यांनी पाहिलं, त्यांच्याकडे ते आहे, आणि ती मंडळीही आता सत्तरीच्या पुढची.

कर्वे मुंबई महापालिकेत नोकरीला होते. पोतदार तेल कंपनीत. त्या पिढीत हे अगदी नेहमीचं. कुणी बँकेत, कुणी बेस्टमध्ये, कुणी मंत्रालयात. दिवसभर टेबलावर फायली, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. राज्य नाट्य स्पर्धा आली की हक्काच्या रजेचा फडशा. साहेब नाटकवेडा निघाला तर नशीब, नाहीतर आजीला वर्षातून दोनदा मारायचं. नाटकावर संसार चालत नाही हे घरच्यांनी इतक्यांदा बजावलेलं असे की नोकरी सोडायचा विचार बहुतेकांनी केलाच नाही. मला वाटतं, त्यांच्या कामात जो एक खरेपणा दिसतो, तो थोडा या नोकरीचाही असणार. ज्याने तीस वर्षं मस्टरवर सही केली आहे, त्याला कारकून ‘उभा करायला’ काय कष्ट? साहेबाने बोलावल्यावर खुर्चीतून उठताना माणूस आधी पेनाचं टोपण लावतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आताच्या मालिकांचं शूट बारा-बारा तास चालतं, त्यात नोकरी करणं अशक्यच. आताची मुलं अभिनयात कमी आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ती लहान वयात थेट सेटवर येतात, आणि मग त्यांच्या ऑफिसच्या सीनमधलं ऑफिस कायम कुणीतरी कालच घासूनपुसून ठेवल्यासारखं दिसतं.

प्रिया मराठेंबद्दल फार लिहवत नाही. ‘पवित्र रिश्ता’मधली वर्षा, ‘चार दिवस सासूचे’, ‘तू तिथे मी’, शेवटी ‘तुझेच मी गीत गात आहे’मधली मोनिका. ती मालिका त्यांनी प्रकृतीमुळे सोडली होती. कॅन्सर. वय अडतीस. मोनिकाला आमच्या घरात रोज रात्री शिव्या पडायच्या, मनापासून आणि वेळेवर. खलनायिकेच्या कामाची याहून मोठी पावती नाही, पण ती पावती आम्ही टीव्हीलाच देत राहिलो.

शिव्यांचा विषय निघाला तर दया डोंगरेंना विसरून कसं चालेल? त्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, पंच्याऐंशीव्या वर्षी. ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ १९८७चा. एका भुवईवर आख्खं घर चालवणारी सासू. तोंडावर गोड, वळताना नजरेचा एक फटकारा, आणि बोलताना प्रत्येक शब्द असा सुटा सुटा की शेवटच्या रांगेतल्या सुनेलाही लागावा! ‘स्वामी’ मालिकेत त्याच गोपिकाबाई झाल्या होत्या. तिथे तोच कडकपणा, पण पेशवाईतला. दोन्हींत एक बाई आहे यावर विश्वास बसू नये, असं ते काम. त्यांना गाण्याचंही अंग होतं, हे आमच्यापैकी बहुतेकांना त्या गेल्यावर आलेल्या लेखांतून कळलं. हे असंच चालतं. माणूस असेपर्यंत त्याची एक बाजू, गेल्यावर सगळ्या.

त्या दिवाळीच्या आगेमागे तर हिंदीतलेही गेले. असरानी ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला. अंत्यसंस्कार उरकले आणि मगच बातमी बाहेर आली. गाजावाजा नको, ही त्यांचीच इच्छा होती म्हणे. हे असरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि तिथे शिकवायचेही, पण लोकांना ते ‘शोले’चे जेलर. अभिनयाच्या मास्तरांनी आपली एक्झिट मात्र अचूक साधली. याउलट धर्मेंद्र. ते जिवंत असताना ११ नोव्हेंबरला त्यांना देशभर श्रद्धांजली वाहून झाली. मोठमोठ्या लोकांनी वाहिलेल्या श्रद्धांजल्या मग पुसल्या गेल्या आणि घरच्यांना ‘ते आहेत’ असं सांगत बसावं लागलं. विक्रम गोखल्यांच्या वेळी २०२२ साली हेच झालं होतं. दवाखान्याबाहेर ताटकळलेल्या कुटुंबाने फोन घ्यायचे तरी किती? पहिली बातमी आपलीच, या हव्यासाला काही औषध दिसत नाही. ग्रुपवरच्या काकांनाही नाही.

आणि सतीश शाह. २५ ऑक्टोबरला ते गेले, तेव्हा मला आधी हसूच आलं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. ‘जाने भी दो यारों’त त्यांनी रंगवलेला कमिशनर डिमेलो अर्ध्यातच मरतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. प्रेताला चाकं लागतात, बुरखा चढतो, शेवटी महाभारताच्या नाटकात साडी नेसवून त्याची द्रौपदी होते. भोवती एकेक कसलेला नट आरडाओरडा करतोय, आणि हा मधोमध, डोळे अर्धवट मिटून, मान एका बाजूला टाकून नुसता मेलेला. तरी लक्ष त्याच्यावरच! बाकीच्यांनी कितीही आटापिटा केला तरी सीन प्रेतानेच खाल्ला. ‘ये जो है जिंदगी’त हाच माणूस दर भागात नवं सोंग घेऊन यायचा. मराठीत ‘गंमत जंमत’मध्येही ते आहेत. आमच्याकडे त्या रात्री ‘साराभाई’चे चार भाग लावले. मावशीला त्यातलं हिंदी-इंग्रजी फार कळलं नाही, पण बाप मुलाच्या कविता ऐकताना जे तोंड करतो ते कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

राहिल्या ज्योती चांदेकर. ‘मी सिंधुताई सपकाळ’मध्ये तरुणपणीच्या सिंधुताई तेजस्विनी पंडित आणि उतारवयातल्या या, तिच्या सख्ख्या आई. चेहरा जुळवायला मेकअपला फार कष्ट पडले नसतील. पण मावशीच्या लेखी त्या ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी. रोज रात्री जेवणाच्या वेळेला येणारी, ताठ कण्याची, चुकलेल्याला चुकलास म्हणणारी आजी. मालिकेची एक पंचाईत असते. सिनेमातला नट गेला तर सिनेमा पुरा झालेला असतो. नाटकात बदली नट घ्यायची रीत जुनी आहे, रिप्लेसमेंट म्हटलं की सगळे समजून घेतात. मालिका मात्र रोज दळण मागते. आजी गेली म्हणून नातसुनेची कोर्टातली तारीख पुढे ढकलता येत नाही.

काही आठवड्यांनी पूर्णा आजी परत आल्या, रोहिणी हट्टंगडींच्या रूपात. मला वाटलं, आता मावशी रुसणार, आठवडाभर टीव्ही बंद. तिने चष्मा पुसून घेतला, पहिला सीन पुरा पाहिला, वाटीतली आमटी भातावर ओतली.

‘ही चालेल,’ ती म्हणाली. ‘ही “चार दिवस सासूचे”मधली. अकरा वर्षं रोज बघितलीय मी हिला, परकी थोडीच आहे?’

‘गांधी सिनेमात कस्तुरबा झाल्या होत्या त्या,’ मी सांगितलं. ‘तिशीही गाठली नव्हती, तेव्हा म्हातारीचं काम केलं होतं.’

‘मग बरोबर,’ मावशी म्हणाली. ‘सवय आहे तिला. आता गप्प बस, तो मेला परत खोटं बोलतोय बघ.’

‘कोण तो?’

‘तो नाही का, तो…’