आयक्लरच्या घरात आठ दिवस

जेट लॅगने पहाटे साडेचारलाच जाग आली. अंधारात चपला सापडेनात, म्हणून अनवाणीच स्वयंपाकघराकडे निघाले आणि मध्येच थबकले. बाहेर फेब्रुवारीतली बोचरी थंडी, पण पायाखालचा कोबा चक्क कोमट. आजोळी सकाळी चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर बसायचो तेव्हा लागायची, अगदी तशी ऊब. मावसबहीण उठलेलीच होती, चहात आलं किसत होती. "ताई, चपला शोधूच नकोस," ती म्हणाली, "या घरात मी वर्षभर अनवाणीच असते."

कोब्याच्या पोटात पाइपांचं जाळं आहे आणि त्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. घर 1961 सालचं. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनो गावी, मिलर अव्हेन्यूच्या बाजूला फेअरग्रोव्ह नावाची सुमारे 220 घरांची वसाहत आहे, तिथलं. बांधणारा बिल्डर जोसेफ आयक्लर. या भागात कुणी "आमचं आयक्लर आहे" म्हणालं की समोरच्याला घर कसं असेल ते आपोआप कळतं.

उजाडल्यावर रस्त्यावर जाऊन घर पाहिलं. एकमजली, बुटकं, छप्पर जवळजवळ सपाट. रस्त्याकडे एकही मोठी खिडकी नाही, फक्त उभ्या फळ्यांची भिंत, गॅरेज आणि एक दार. ते दार उघडून आत पाऊल टाकलं की आपण पुन्हा आकाशाखालीच! मधोमध उघडा चौक, त्यात एक जपानी मेपल, आणि चौकाभोवती काचेच्या भिंती. घराचा खरा दरवाजा या चौकातून पुढे. छताची तुळई बैठकीतून निघते, काचेला भेदून तशीच अंगणात जाते. आत आणि बाहेर एकच लाकूड. वजन खांब-तुळयांवर असल्यामुळे भिंतींना काही उचलायचं नाही, म्हणून त्या काचेच्या करता आल्या. मला वाड्यातल्या चौकाची आठवण झाली, पण वाड्यात चौकाकडे भिंती आणि सोपे असतात. इथे पावसाची सर आली तेव्हा आम्ही चौघंही आपापल्या खोलीतून ती एकाच वेळी बघत होतो.

या बैठ्या घरांना अमेरिकेत 'रँच हाउस' म्हणतात. नाव आलं स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातल्या कॅलिफोर्नियातल्या 'रांचो'वरून. कच्च्या विटांची लांबट बैठी घरं, पुढे ओसरी, मध्ये अंगण. 1930च्या दशकात सॅन डिएगोच्या क्लिफ मे यांनी ते रूप नव्या घरांत आणलं. मग महायुद्ध संपलं, परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची कर्जं मिळू लागली आणि अशी घरं शेकड्यांनी उठू लागली. क्युपर्टिनो, सनीवेलचा हा सगळा पट्टा तोवर जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांचा होता. आज त्या बागांचा मागमूस शोधावा लागतो. मावसबहिणीच्या परसातलं जर्दाळूचं एक म्हातारं झाड पाहून मी उगीचच त्याच्या खोडावर हात ठेवला.

आयक्लर मुळात बांधकामातला माणूसच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, सासरच्या मंडळींच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापारात मुरलेला. 1940च्या दशकात त्याने हिल्सबरो इथलं, नामवंत अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेलं एक घर भाड्याने घेतलं. तिथे राहून त्याला वाटलं, असं घर साध्या नोकरदारालाही मिळायला हवं. त्याने अँशेन आणि अ‍ॅलन, पुढे जोन्स आणि एमन्स, क्लॉड ओकलंड अशा वास्तुरचनाकारांना कामाला लावलं. वसाहती बांधणारे बिल्डर तेव्हा एवढ्या मोठ्या नावांच्या वाटेला सहसा जात नसत. 1949 पासून त्याने सुमारे 11,000 घरं बांधली.

तिसऱ्या दिवशी आम्ही पालो आल्टोतली ग्रीनमेडो वसाहत पाहायला गेलो. 1954-55 मधली, 243 घरं, आणि मधोमध सगळ्यांचं मैदान, पोहण्याचा तलाव, लहान मुलांची शाळा. 2005 मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. काचेच्या घरांची एक अडचण तिथे फिरताना ध्यानात आली: शेजारी कुणी दुमजली घर बांधलं, तर वरच्या खिडकीतून थेट यांच्या पलंगावर नजर! म्हणून पालो आल्टोतल्या काही आयक्लर वसाहतींनी एकत्र येऊन वरचा मजला चढवायला बंदी करून घेतली आहे.

परत येताना गाडीत मावसबहिणीने जे सांगितलं, ते माझ्या मनातून अजून जात नाही. हे घर घेण्याआधी ती दुसऱ्या एका गावातलं जुनं घर पाहत होती. कागदपत्रांच्या चळतीत एक पिवळट पान निघालं. त्यात टंकलेली अट होती: या जागेत गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये, घरातले नोकर तेवढे सोडून. अट कधीच रद्द झालेली, कायद्याने तिला काडीची किंमत नाही. पण ते पान हातात धरून ती बराच वेळ तशीच बसली होती. अशा अटी तेव्हा अमेरिकेत जागोजाग होत्या. 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की न्यायालयं त्या अमलात आणणार नाहीत, तरी सरकारी कर्जहमीची यंत्रणा आणि बिल्डर मंडळी पुढेही वर्षानुवर्षं तीच रीत चालवत राहिली. घरविक्रीतल्या भेदभावाला देशभर बंदी आली ती 1968 मध्ये.

आयक्लरने मात्र 1950च्या दशकातच आशियाई आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं विकली. शेजाऱ्यांनी कुरकुर केली, तर तुमचं घर मी परत विकत घेतो म्हणून सांगितलं. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध भूमिका घेईना, तेव्हा 1958 मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. धंद्यातल्या माणसाने धंदा ऐन भरात असताना हे करावं, याचं मला फार मोल वाटतं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या उंच इमारतींत पैसा अडकून त्याची कंपनी 1967 मध्ये बुडाली. 1974 मध्ये तो गेला.

सुरुवातीची त्याची साधी घरं दहा हजार डॉलरच्या आसपास मिळत. आज या वसाहतीतल्या एका घराची किंमत रुपयांत वीस कोटींच्या पुढे जाते. ज्या शिक्षिकेसाठी, कारकुनासाठी ती बांधली, त्यांना आता इथे पाय ठेवता येत नाही, आणि हे मला अजिबात बरं वाटत नाही.

सातव्या दिवशी सकाळी फरशी गार लागली. बॉयलर चालू होता, पण दाब उतरत होता. म्हणजे कोब्यात कुठेतरी गळती. दुपारी एक माणूस उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन आला. बॉयलर पुन्हा तापवला आणि तो वाकून हळूहळू चालू लागला. मी त्याच्या मागोमाग. पडद्यावर जांभळ्या जमिनीत केशरी रेघा उमटत गेल्या, वळत, परत फिरत, सर्परांगोळीसारख्या एकमेकींना न शिवता. साठ वर्षांपूर्वी कुणा कामगाराने हाताने वाकवून अंथरलेले ते पाइप, मला पहिल्यांदाच दिसले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी रेघ फुटून केशरी डाग पसरला होता. त्याने खिशातून खडू काढला आणि तिथे ताटाएवढं वर्तुळ काढलं.

दोन वाटा होत्या. जुने पाइप कायमचे बंद करून भिंतीवर हीटर बसवायचे, किंवा कोबा फोडून तेवढाच तुकडा जोडायचा. पहिलं सोपं आणि स्वस्त. मावसबहिणीने नवऱ्याकडे पाहिलं, मग खडूच्या वर्तुळाकडे.

"फोडा," ती म्हणाली.