शेजारच्या काकूंची किल्ली

शेजारच्या काकू मुलीकडे गेल्या की त्यांची किल्ली आमच्याकडे असते. कामं ठरलेली. कुंड्यांना पाणी, दारात पडलेलं टपाल उचलणं, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडणं. मात्र त्यांच्या सोफ्यावर मी आजवर टेकलेले नाही. उभ्या उभ्याच सगळं.

अशा वेळी मला वालेन्तीन पानियाग्वा आठवतात. पेरू देशाचे, काही महिन्यांपुरते राष्ट्राध्यक्ष झालेले. (आपल्याला पेरू म्हटलं की आधी तिखट-मीठ आठवतं, त्याला इलाज नाही.) १९३६ साली कुस्कोत जन्मलेला हा वकील. स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणजे पाव, ‘इ’ म्हणजे आणि, ‘आग्वा’ म्हणजे पाणी. आडनावातच पाव-पाणी! आपण मीठ-भाकर म्हणू.

नोव्हेंबर २०००. राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी परिषदेसाठी ब्रुनेईला गेले, तिथून टोकियोला पोचले आणि राजीनामा चक्क फॅक्सनं धाडून मोकळे झाले. पायपुसण्याखाली किल्ली सरकवून निघून जावं, तसं. संसद अशी खवळली की तिनं राजीनामा घेतलाच नाही. नैतिकदृष्ट्या अपात्र ठरवून त्यांना काढलं. उपाध्यक्षही उरले नव्हते. मग पाळी संसदेच्या अध्यक्षांची, आणि त्या खुर्चीत बसून पानियाग्वांना जेमतेम सहा दिवस झाले होते. २२ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली.

कुंड्यांना पाणी घालून भागणार नव्हतं. घरात गॅस गळत होता म्हणा ना. फुजिमोरींचा उजवा हात व्लादिमीरो मोन्तेसिनोस लाच देतानाच्या चित्रफिती देशानं पाहिल्या होत्या. पानियाग्वांनी पंतप्रधान म्हणून कुणाला बोलवावं? संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस हाविएर पेरेस दे क्वेयार यांना! १९८० पासूनच्या वीस वर्षांच्या हिंसाचाराचा छडा लावायला पानियाग्वांनी सत्यशोधन आयोग नेमला. निवडणूक घेतली, पण स्वतः उभे राहिले नाहीत. २८ जुलै २००१ ला, पेरूच्या स्वातंत्र्यदिनी, किल्ली आलेहान्द्रो तोलेदोंच्या हाती. सगळे मिळून २४८ दिवस.

अशा सरकारला आपण ‘हंगामी’ म्हणतो, नाहीतर ‘काळजीवाहू’. हंगामी हा शब्द आंब्याच्या पेटीला बरा. काळजीवाहू म्हटलं की मला खांद्यावर घागर घेऊन, हिंदकळू न देता चालणारं माणूस दिसतं.

२००६ च्या एप्रिलमध्ये पानियाग्वांनी पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षपदासाठी मतं मागितली. पाचवे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिमामध्ये वारले.

काकू परवा परतल्या. चहाला थांबल्या नाहीत. किल्ली घेऊन आत गेल्या आणि दोन मिनिटांत पुन्हा दारात.

“मोगरा जरा सुकल्यासारखा दिसतोय का गं?”